चाळीस डॉलरची पाल आणि तिची कात

अमेरिकेतल्या पेट स्टोअरमध्ये लेपर्ड गेको या पालीचं साधं पिल्लू साधारण 30 ते 60 डॉलरला मिळतं. मुलं हट्ट धरतात, आईबाप किंमत बघून हो म्हणतात. खरा खर्च नंतर सुरू होतो, आणि बरेचदा कातीपासून.

वाढतं पिल्लू आठवड्या-दोन आठवड्यांनी कात टाकतं. अंग आधी पांढुरकं पडतं, मग कात सुटते आणि पिल्लू ती खाऊन टाकतं. म्हणून टाकीत कात दिसली नाही तर घाबरू नका. बोटं, शेपटीचं टोक आणि पापण्या नीट बघा. बोटावर राहिलेली कात वाळून आवळत जाते, रक्त पोचत नाही आणि शेवटी बोट झडतं.

कारण बहुतेक वेळा कोरडी हवा. हिवाळ्यात घरचं हीटिंग चालू झालं की त्रास वाढतो. उपाय मात्र फुकटात होतो: श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला दार कापा, कडा घासून गुळगुळीत करा, आत ओला पेपर टॉवेल घाला आणि डबा टाकीच्या उबदार बाजूला ठेवा. टॉवेल वरचेवर बदला, नाहीतर बुरशी धरते. हवेतला ओलावा मोजणारा हायग्रोमीटर 10 ते 20 डॉलरला येतो. हीट मॅटसाठी थर्मोस्टॅट 25 ते 50 डॉलर. तो टाळलात तर पिल्लाचं पोट भाजू शकतं. डी3 असलेली कॅल्शियम पावडर दहाएक डॉलर. ती नसेल तर पिल्लाची हाडं मऊ पडून वाकतात. दुकानदार वाळू आणि कात सुटण्याचे स्प्रेही पुढे करील. पिल्लाला वाळू नकोच, ती पोटात जाऊन अडकू शकते. स्प्रेचे पैसे वाचवा.

कात अडकलीच तर पाय बुडतील इतक्याच कोमट पाण्यात 15 ते 20 मिनिटं ठेवा आणि ओल्या इअरबडने हलकेच चोळा. ओढायची नाही. डोळ्यावरची कात डॉक्टरांवर सोडा.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरची तपासणी साधारण 75 ते 150 डॉलर, शीची तपासणी 30 ते 60, एक्स-रे लागला तर बहुधा दीडशेच्या पुढे. पिल्लू खात नसेल, शेपटी बारीक होत असेल, तर थांबू नका. शेपटीतच त्याची चरबी साठलेली असते. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचा संसर्ग निघाला तर खात्रीचा इलाज नाही.

माणसांना धोका साल्मोनेला जीवाणूंचा. पाच वर्षांखालची मुलं, 65 च्या पुढची माणसं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी घरात असेल तर सरपटणारे प्राणी ठेवू नयेत, असं अमेरिकेची आरोग्यसंस्था सीडीसी सांगते. पुण्याहून आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर हे आधी बघा. टाकीतली भांडी किचनच्या सिंकमध्ये धुऊ नका. पिल्लाला हात लावला की साबणाने हात धुवा.

शाकाहारी घरांना एक आगाऊ सूचना: हा प्राणी पालेभाजी खात नाही. जिवंत रातकिडे आणावे लागतात, महिन्याला 10 ते 20 डॉलरचे, आणि ते रात्री ओरडतात. नीट राखला तर गेको 15 ते 20 वर्षं जगतो. मुलगा कॉलेजला गेला की रातकिडे तुम्हीच आणणार.

टाकीसकट सुरुवातीला 200 ते 300 डॉलर धरा, डॉक्टरसाठी आणखी 200 बाजूला ठेवा. कुत्र्या-मांजरांचे बरेच डॉक्टर गेको तपासत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारा. जवळपास तपासणारा डॉक्टर नसेल तर पिल्लू घेऊ नका.