शर्यतीतून उतरलेला कुत्रा : एक अभ्यास

स्मरणिकेत शिक्षण, नोकरी, बचत असे विषय असावेत, त्यात कुत्र्याचे काय काम, असे काही सभासदांना वाटेल. परंतु ज्याच्या पायाच्या बळावर मालकाने फेटे बांधून घेतले, ढाली मिळविल्या, तोच कुत्रा पाय दुखावल्यावर उकिरड्यावर हिंडताना आपल्या जिल्ह्यात दिसतो. त्याचा विचार करणे हाही शिक्षणाचाच भाग आहे, असे आम्ही मानतो. सबब विद्यार्थी मित्रांनी हा लेख धड्याप्रमाणे वाचावा.

ग्रेहाउंड ही पाश्चात्य देशांतील शर्यतीची प्रसिद्ध जात. छाती खोल, पोट आत ओढलेले, पाय लांब आणि वेग तासाला ६५ किलोमीटरच्या पुढे. यांत्रिक सशामागे कुत्रे पळविण्याचे बंदिस्त मैदान अमेरिकेत १९१९ साली निघाले व १९२६ साली इंग्लंडात मँचेस्टर येथे हा खेळ सुरू झाला. त्यावर पैजा लागू लागल्या. कुत्रा साधारण तीन ते पाच वर्षांचा झाला की तो मैदानाच्या कामाचा राहत नाही. आयुष्य मात्र दहा-बारा वर्षांचे असते. मग उरलेल्या वर्षांचे काय? या प्रश्नातूनच इंग्लंडात १९७५ साली निवृत्त ग्रेहाउंडांना घरे मिळवून देणारी विश्वस्त संस्था स्थापन झाली. मकाव येथील मैदान २०१८ साली बंद झाले तेव्हा पाचशेहून अधिक कुत्रे मागे उरले होते. त्यांना निरनिराळ्या देशांतील कुटुंबांनी आपल्या घरी नेले. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तर लोकांनी २०१८ साली मतदान करून हा खेळ २०२० अखेर बंद पाडला.

हे झाले परदेशाचे. आपल्याकडे याच घराण्यात शोभणारी जात म्हणजे कारवान. खेड्यापाड्यांत तिला 'करवानी' म्हणतात आणि जिच्या कानांवर व शेपटीवर रेशमी केस असतात ती 'पशमी'. लातूर, नांदेड, परभणी या भागांत धनगर बांधवांच्या वाड्यावर व शेतकऱ्यांच्या आखाड्यावर ही कुत्री पूर्वीपासून आहेत. सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्यांची जोपासना केली, म्हणून तिकडे 'मुधोळ' हे नाव रूढ झाले. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची जी तिकिटे काढली त्यांत मुधोळला स्थान मिळाले आणि २०१६ साली हे कुत्रे लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी गेले. एवढा मान असलेली जात आपल्या दारात बेवारस फिरावी, हे आम्हास पटत नाही.

या कुत्र्याचे मूळ काम शिकारीचे. वास घेत जाणारा हा कुत्रा नव्हे, नजरेने सावज हेरून धावणारा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली आला. त्यानुसार आज ससा वा हरीण मारणे गुन्हा आहे. शिकार गेली आणि राहिल्या त्या जत्रेतील शर्यती. बैलगाडा शर्यतीसाठी महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली व सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी ती उचलून धरली. पण ती दुरुस्ती बैलांपुरती. कुत्र्याबद्दल तीत अक्षर नाही. उलट प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सांगतो की, उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा अपराध आहे. त्यासाठी पहिल्या वेळेचा दंड दहा ते पन्नास रुपये! आमच्या काउंटरवर चेकबुकाचे शुल्कसुद्धा यापेक्षा जास्त पडते. असो. आपल्या संविधानातील कलम ५१-क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ साली नमूद झाले. कर्तव्ये पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी या ओळीवर थोडे थांबावे.

आता प्रत्यक्ष घरी आणण्याविषयी. आमच्या घरी गंगाखेडकडील एका शेतकऱ्याकडून आलेली करवानी कुत्री आहे. वय पाच, मागचा पाय दुखावलेला. मुलांनी नाव ठेवले हरणी. आली तेव्हा तिला जिना ठाऊक नव्हता. पहिल्या पायरीवर पाय ठेवून ती तशीच उभी राहिली. कपाटाच्या आरशातल्या कुत्र्यावर दोन दिवस गुरगुरली. जिने जन्म आखाड्यावर आणि साखळीला काढला, तिला फरशी, पंखा, कुकरची शिट्टी हे सगळेच नवे. तिला ओढू नये, रागावू नये. पायरी-पायरीने शिकू द्यावे. आठ दिवसांत ती आमच्या आधी गच्चीवर पोहोचू लागली.

असा कुत्रा दिवसभर पळत असेल, हा गैरसमज आहे. तो वेगाचा आहे, दमाचा नाही. सकाळ-संध्याकाळ फिरविले की उरलेला बहुतेक वेळ झोपतो. अंगावर चरबी नसल्याने नुसत्या फरशीवर कोपरांना घट्टे पडतात, म्हणून जुनी गोधडी घडी करून टाकावी. परभणीच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर नेऊच नये आणि थंडीत पाठीवर पोते किंवा जुना स्वेटर बांधावा. कातडी पातळ असते. बाभळीच्या काट्याने सहज फाटते.

मात्र एक गोष्ट निक्षून सांगतो. मोकळ्या जागेत त्याला कधी सोडू नये. मांजर वा कोंबडी पळताना दिसली की हाक त्याच्या कानात शिरत नाही, आणि शेजाऱ्याची कोंबडी गेली तर भांडण आपल्या दारात येते. त्याची मान डोक्यापेक्षा रुंद असल्याने साधा पट्टा डोक्यावरून निसटतो. रुंद, ओढल्यावर आवळणारा पट्टा घ्यावा. तान्ह्या मुलाजवळ कोणताही कुत्रा एकटा ठेवू नये, हाही त्याला अपवाद नाही.

खाण्याचा खर्च फार नाही. ज्वारीची भाकरी, उकडलेले अंडे, शिजवलेले मांस चालते. कांदा, लसूण आणि चॉकलेट टाळावे. रेबीजची लस दरवर्षी द्यावी. परभणीस १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे ही आपली सोय आहे. शस्त्रक्रियेची वेळ आली तर कुत्रा या घराण्याचा आहे हे डॉक्टरांना आधी सांगावे, कारण थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधाचा अंमल ग्रेहाउंडवर फार वेळ राहतो.

बैलाला, म्हशीला कर्ज मिळते, कुत्र्याला मिळत नाही. त्यामुळे मालक अशा कुत्र्याची कुठे नोंद ठेवत नाही. घेताना साध्या कागदावर वय, दुखापत, झालेल्या लसी आणि तारीख लिहून घ्यावी व दोघांनी सह्या कराव्यात. आम्ही तसा कागद केला. शेतकरी दादा आधी हसले, मग वाचून, वयाच्या रकान्यात पाचचे साडेपाच करून त्यांनी सही दिली.