हीटरच्या घरातली कोरडी हवा

उणे 15 अंशांच्या एक घनमीटर हवेत जेमतेम दीड ग्रॅम बाष्प मावतं. मिनेसोटाच्या हिवाळ्यात तीच हवा घरात येऊन 21 अंशांपर्यंत तापते. आता ती 18 ग्रॅम पेलू शकते, पण जवळ असतं तेवढं दीडच. उरलेली तहान ती आपल्या नाकाओठांवर आणि घरातल्या लाकडावर भागवते.

बाबा रत्नागिरीहून ऐन जानेवारीत आमच्याकडे आले. सारं आयुष्य दमट हवेत गेलेलं. थोड्याच दिवसांत पहाटे त्यांचा घोळणा फुटला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यामुळे थांबेना. आईने त्यांची मान मागे करून कांदा हुंगवला. असं करू नका. रक्त घशात उतरतं. माणसाला किंचित पुढे झुकवून बसवा, तोंडाने श्वास घेऊ द्या आणि नाकाचा मऊ भाग 10 ते 15 मिनिटं मध्ये न सोडता दाबून धरा. तरी थांबलं नाही, तर सरळ इमर्जन्सी गाठा. आम्हाला गाठावी लागली.

घरी येऊन आर्द्रतेचं मीटर लावलं, तर आकडा 20च्याही खाली! तो 30 ते 50 टक्क्यांत हवा. त्याच खोलीत हीटच्या व्हेंटजवळ उभ्या केलेल्या मिरजेच्या तंबोऱ्याचा, भोपळा आणि दांडीमधला सांधा उकलला होता. असं वाद्य इथे पुन्हा जुळवून देणारा कारागीर सहज सापडत नाही. तंबोरा आतल्या भिंतीशी, गवसणीतच ठेवा.

ह्युमिडिफायर घ्याच, पण त्याची निगा राखा. अल्ट्रासॉनिक यंत्रात नळाचं पाणी घातलं की त्यातले क्षार पांढरी भुकटी होऊन घरभर बसतात. डिस्टिल्ड पाणी वापरा. टाकी रोज रिकामी करा, दर तिसऱ्या दिवशी घासा, नाहीतर जंतूच हवेत उडतील. खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळू लागलं, की ओलावा जास्त झाला. चौकटीला बुरशी धरायच्या आत यंत्र कमी करा. कडाक्याच्या थंडीत 30 टक्केसुद्धा काचांना झेपत नाहीत.

आईवडील हिवाळ्यात येणार असतील, तर त्यांच्या खोलीत मीटर आधीच लावून ठेवा. झोपताना नाकात सलाइनचे थेंब घालायला द्या. आणि घोळणा फुटला म्हणून रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू देऊ नका. तिकडच्या डॉक्टरांना फोन लावा.