बंद झालेल्या चाकूंचे मोल

प्रश्न : मी तारापूर एमआयडीसीतल्या स्टेनलेस स्टीलच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. माझे मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांच्या पेटीत दोन घडीचे चाकू निघाले. एक लाल मुठीचा, पात्यावर ‘वेंगर’ असे नाव असलेला. दुसरा काळ्या मुठीचा. त्याच्या पात्याला गोल भोक आहे आणि मुठीला खिशात अडकवायची क्लिप आहे. मित्र म्हणतो, ‘ही मॉडेलं आता निघत नाहीत, जपून ठेव.’ आमच्याकडे तर एखादा माल बंद झाला की उरलेला साठा भंगाराच्या भावाने जातो. चाकूच्या बाबतीत उलट का होते?
— एक वाचक, बोईसर

उत्तर : कारखान्यात बंद झालेला माल भंगारात जातो, कारण त्याचे काम दुसरा माल करतो आणि गिऱ्हाइकाला फक्त कामाशी मतलब असतो. चाकू जमवणाऱ्याला काम करून घ्यायचे नसते. पोलाद, लॉक आणि मूठ यांचा एका काळात जमलेला मेळ त्याला हवा असतो आणि उत्पादन थांबले की त्या मेळात नवी भर पडत नाही. असलेले चाकू हरवतात, धार लावून झिजतात, गंजतात. मागणी टिकली आणि साठा घटत गेला की भाव चढतो. इतपत हिशेब कुठल्याही बाजाराचा आहे. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे : चाकू बंद का झाला, हे कळले की त्याचे खरे मोल कळते. तुमच्या दोन चाकूंवरूनच ते पाहू.

लाल मुठीचा वेंगर. स्वित्झर्लंडमधल्या डेलेमाँ गावची ही कंपनी १८९३ सालची. व्हिक्टोरिनॉक्स तिच्याहून जुनी, १८८४ची. १९०८ पासून स्विस सैन्य आपली चाकूंची मागणी या दोन कंपन्यांत निम्मी निम्मी वाटून देई. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली आणि २०१३ मध्ये वेंगर नावाने चाकू काढणे थांबवले. वेंगरच्या काही घडणी व्हिक्टोरिनॉक्सने ‘डेलेमाँ’ मालिकेत पुढे चालवल्या, पण पात्यावरचे नाव बदलले. म्हणजे तुमचा चाकू एका शतकाहून अधिक चाललेल्या जोडीतल्या, आता मिटलेल्या नावाचा आहे. अमेरिकेतली श्रेड ही जुनी कंपनी २००४ मध्ये आणि कॅमिलस २००७ मध्ये बंद पडली, तेव्हा त्यांच्या चाकूंनाही असेच शोधणारे लोक मिळाले.

बंद होण्याचे दुसरे कारण म्हणजे मागणी करणाराच नमुना बदलतो. स्विस सैनिकाचा १९६१चा चाकू ९३ मिलिमीटर लांबीचा, ॲल्युमिनियमच्या खडबडीत मुठीचा. त्यात पाते, टोच्या, डबा उघडायचे आणि बाटली उघडायचे हत्यार. सैन्यासाठीच्या प्रत्येक चाकूच्या पात्याच्या मुळाशी सालाचे दोन आकडे ठोकलेले असत. २००८ मध्ये सैन्याने नवा नमुना ठरवला : १११ मिलिमीटर, एका हाताने उघडणारा, लॉक होणारा, करवतीसकट. १९६१चा नमुना तिथे थांबला. आज कोणी आपल्या जन्मसालाचा शोधतो, तर कोणी एकेक साल जमवत पूर्ण माळ लावतो.

आता काळा चाकू. पात्यातले गोल भोक ही स्पायडर्को कंपनीची ओळख आहे. सॅल ग्लेसर यांच्या या अमेरिकन कंपनीने १९८१ मध्ये ‘वर्कर’ नावाचा चाकू काढला. तोवर घडीचे बहुतेक चाकू उघडायला दोन हात लागत. पात्यावरच्या खाचेत नख अडकवून ते ओढावे लागे. भोकामुळे नुसत्या अंगठ्याने पाते उघडू लागले आणि क्लिपमुळे चाकू खिशाच्या तळाशी न पडता काठाशी राहू लागला. दोरखंडाला एक हात गुंतलेल्या माणसाला याचा उपयोग लगेच कळतो. बोटीवरच्या माणसाकडे असा चाकू सापडावा, हे साहजिकच आहे.

पुढे ज्यांना ‘टॅक्टिकल’ म्हणू लागले, त्या चाकूंचा पाया इथे पडला. १९८०च्या सुमारास मायकेल वॉकर या कारागिराने लायनर लॉक पक्के केले : मुठीच्या आतल्या पत्र्याचाच एक भाग स्प्रिंगसारखा सरकून उघड्या पात्यामागे टेकतो. नव्वदच्या दशकात अर्नेस्ट इमर्सन यांच्या आराखड्यांवर बेंचमेड कंपनीने चाकू काढले आणि काळे पाते, जी-१०ची मूठ ही त्या काळाची खूण झाली. जी-१० म्हणजे काचेचे कापड इपॉक्सीत दाबून केलेला पत्रा. विजेच्या पॅनेलमध्ये इन्सुलेशनसाठी तुमच्याही कारखान्यात तो असेल. १९९८ मध्ये बेंचमेडच्या ‘७१०’ मॉडेलमधून ॲक्सिस लॉक आले. त्यात एक आडवी दांडी पात्यामागे बसते आणि बोटे पात्याच्या वाटेत न आणता चाकू मिटता येतो. ७१० आज निघत नाही. ते लॉक मात्र पुढच्या कितीतरी चाकूंत आले, आणि म्हणूनच पहिला ७१० लोकांना हवा असतो.

तिसरे कारण तुमच्या विभागातले आहे : पोलाद बदलते. नव्वदच्या दशकातल्या चांगल्या घडीच्या चाकूंवर एटीएस-३४ हे नाव वारंवार दिसते. हे जपानच्या हिताची कंपनीचे पोलाद. कार्बन सुमारे १ टक्का, क्रोमियम १४, मॉलिब्डेनम ४. अमेरिकेच्या क्रूसिबल कंपनीने २००१ मध्ये पावडरपासून बनवलेले एस-३०-व्ही आणले. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या जवळ आणि व्हॅनेडियम ४ टक्के. धार जास्त टिकते म्हणून कंपन्या तिकडे वळल्या. मॉडेलचे नाव तेच राहिले तरी पोलाद बदलले की जमवणारा त्याला वेगळा चाकू मानतो, आणि ते मला योग्य वाटते. तुमच्या काळ्या चाकूच्या पात्यावर मुळाजवळ भिंगाने पाहा. पोलादाचे नाव आणि बनवल्याचे ठिकाण तिथे असते. ‘सेकी सिटी, जपान’ असेल तर तो जपानमधल्या चाकूंच्या जुन्या गावात घडलेला आहे.

एक सावधगिरीही सांगतो. बंद झालेला प्रत्येक चाकू मौल्यवान होत नाही. ज्याने काही नवे आणले नाही, त्याची आठवण कोणी ठेवत नाही. शिवाय कंपनी जुने मॉडेल मर्यादित संख्येत पुन्हा काढू शकते. स्पायडर्को तसे करते, आणि तेव्हा जुन्याचा भाव खालीही येतो. पैसा गुंतवायचा म्हणून या वाटेला जाऊ नका. नामांकित मॉडेलांच्या नकलाही खूप आहेत. वजन आणि मापे कंपनीने छापलेल्या आकड्यांशी जुळवून पाहा, मिटल्यावर पाते दोन्ही बाजूंच्या बरोबर मध्ये बसते का ते पाहा आणि ठशाची अक्षरे स्वच्छ आहेत का ते तपासा. तुमचे चाकू मुळीच घासून चमकवू नका, धारही लावू नका. कारखान्यातली मूळ धार आणि मूळ ठसा एकदा गेले की परत येत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडचे घडीचे चाकू ‘स्टेनलेस’ आहेत, तरी पावसाळ्यानंतर पात्यावर काळपट ठिपके येतात. त्याच घरात स्टीलच्या ताटांना काही होत नाही. असे का?
— एक वाचक, सातपाटी

उत्तर : ताटाचे स्टील आणि चाकूचे स्टील या दोन वेगळ्या जाती आहेत. चांगल्या ताटात बहुधा ३०४ जातीचे स्टील असते : क्रोमियम सुमारे १८ टक्के, निकेल ८ आणि कार्बन नाममात्र. ते सहसा गंजत नाही, पण तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले तरी कडक होत नाही, म्हणून त्याला धार टिकत नाही. चाकूला कडकपणा हवा, त्यासाठी कार्बन हवा. हा कार्बन काही क्रोमियमला धरून कार्बाइडचे कण करतो. त्या कणांमुळे धार टिकते. पण तेवढे क्रोमियम पृष्ठभागावरचा संरक्षक थर बनवायला उरत नाही. समुद्राच्या हवेतले मीठ हा पातळ थर जागोजागी फोडते आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. सातपाटीच्या खाऱ्या वाऱ्याचा आणि तारापूरच्या रासायनिक कारखान्यांजवळच्या आम्लयुक्त वाफांचा परिणाम असाच होतो.

उपाय साधे आहेत. चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडे ओल धरते आणि कमावतानाचे क्षारही त्यात राहतात. म्यान वेगळे ठेवा. चाकूला खारे पाणी लागले असेल तर गोड्या पाण्याने धुवा, बिजागरीत फुंकर मारून पाणी काढा आणि पूर्ण कोरडा करा. मग शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात पात्यावर आणि एक थेंब बिजागरीत. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पावसाळ्यात अधूनमधून उघडून पाहा. जुन्या चाकूंपैकी काहींची मूठ सेल्युलॉइडची असते. ती सडू लागली की तिच्यातून निघणारी वाफ शेजारच्या चाकूंचे पोलाद खाते. असा चाकू इतरांपासून दूरच ठेवा.

तुमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसाला आवडेल अशी एक बंद झालेली गोष्ट सांगतो. स्पायडर्कोच्या ‘सॉल्ट’ मालिकेत एच-१ नावाचे जपानी पोलाद वापरत. त्यात कार्बन अगदी कमी आणि नायट्रोजन मिसळलेला, त्यामुळे समुद्राच्या पाण्यातही ते जवळजवळ गंजत नाही. अलीकडे त्याची जागा एच-२ने घेतली आहे. एच-१चा एखादा चाकू हाती आला, तर तो जमवण्याजोगा आहे आणि मासेमारीच्या बोटीवर वापरण्याजोगाही.

प्रश्न : असे चाकू घरी ठेवणे कायद्याने चालते का? लोकलने येता-जाता खिशात ठेवला तर?
— एक वाचक, पालघर

उत्तर : ठेवणे आणि बाळगून फिरणे, या दोन गोष्टी वेगळ्या धरा. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालच्या नियमांच्या यादीत तलवारी, खंजीर यांच्याबरोबर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरकाम, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. घडीच्या बहुतेक चाकूंचे पाते ३ ते ४ इंचांचे असते, म्हणून घरातला संग्रह साधारणतः या मापाच्या आत राहतो.

बाळगण्याचे तसे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणूक, मोर्चे अशा वेळी मनाई आदेश निघतात. त्यात चाकू, सुरे, लाठ्या जवळ बाळगायला बंदी असते, आणि तिथे पात्याच्या लांबीचा प्रश्न येत नाही. पालघरहून मुंबईला जाणारी लोकल आधी पालघर जिल्हा पोलिसांच्या, मग मिरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाच्या आणि पुढे मुंबई पोलिसांच्या हद्दीतून जाते. तुमच्या गावी आदेश नसला तरी पुढे असू शकतो. म्हणून खिशात नकोच. न्यायचाच झाला तर मिटवून, डब्यात बांधून, खरेदीच्या पावतीसह बॅगेच्या तळाशी न्या. विमानात हातातल्या बॅगेत कधीही नको. अणुऊर्जा केंद्रात किंवा कारखान्यात नोकरी असेल तर कामावर जाताना तो घरीच राहू द्या. बटण दाबताच उघडणारे चाकू संग्रहात घेऊ नका, असाही माझा सल्ला आहे. शंका आली तर खरेदीच्या आधी वकिलाला विचारा. आणि घरात मुले असतील तर कपाटाला कुलूप हवेच.

प्रश्न : परदेशी चाकू परवडत नाहीत. आमच्या भागात जमवण्यासारखे काही आहे का?
— एक वाचक, जव्हार

उत्तर : भरपूर आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्रातलेच मोठे उदाहरण आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या : दिवे, दौती, विळ्या, अडकित्ते. १९७५ मध्ये तो सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. आज तो राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहता येतो. त्यातले अडकित्ते अवश्य पाहा. घडीच्या चाकूसारखाच अडकित्ताही खिळीवर फिरणाऱ्या पात्याचे हत्यार, आणि लोकांच्या हातातून तोही जवळजवळ गेला आहे. केळकरांनी तो जमवायला सुरुवात केली, तेव्हा घरोघरी होता.

तुमच्याकडे कोयता आहे. वारली, कोकणा, कातकरी माणसाच्या कमरेला अडकवलेला, लाकूडफाट्यापासून बांबूपर्यंत सगळे तोडणारा. गावच्या लोहाराने मोटारीच्या पाट्याच्या पोलादातून ठोकलेल्या कोयत्याचा बाक प्रत्येक गावी थोडा वेगळा, मुठीचे लाकूड वेगळे. लोहाराने भाता बंद केला की त्याच्या हातचा नमुनाही संपतो, आणि त्याची नोंद कुठल्याही कंपनीच्या यादीत सापडत नाही. ती तुम्हीच करायची आहे.

बोईसरच्या वाचकांनाही हेच सांगणे आहे. एक वही करा. प्रत्येक हत्याराचे माप, ठसा, पोलाद, मूठ, कुठून आले, कोणी वापरले, कशासाठी वापरले हे लिहा, सोबत फोटो चिकटवा. मामा हयात असतील तर चाकू कुठल्या बंदरात घेतला, कोणत्या कामाला लागला, हे त्यांच्याकडून ऐकून त्यांच्याच शब्दांत उतरवा. जव्हारच्या वाचकांनी लोहाराकडे जाऊन पाणी कसे देतात, पाटा कुठून आणतात, हे विचारावे. संग्रह आणि साठा यांत फरक पडतो तो या वहीमुळे. चाकू पुढे विकला गेला किंवा गंजून गेला, तरी एका काळी माणसे हत्यार कसे घडवत होती याची माहिती त्या वहीत राहील, आणि पुढच्या माणसाला ती कुठल्याही बाजारात विकत मिळणार नाही.