माघ-फाल्गुनातील वादळ आणि त्यामागून येणारी थंडी

होळी जळाली की थंडी पळाली, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. माघाच्या उत्तरार्धात दोन-तीन रात्री उबदार गेल्या, आभाळ भरून आले, की लोक गोधड्या आवरू लागतात. पण पुष्कळदा हा ऊबदारपणा थंडी सरल्याचे लक्षण नसून वादळ जवळ आल्याचे पहिले चिन्ह असते, आणि त्याचा उलगडा पश्चिमी प्रक्षोभांत सापडतो.

भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, अफगाणिस्तान ओलांडून उत्तर भारतात येणाऱ्या वातविक्षोभांना पश्चिमी प्रक्षोभ म्हणतात. एरवी त्यांचा पाऊस आणि हिमवर्षाव काश्मीर व पंजाबच्या वाट्यास येतो. परंतु उंचावरील वेगवान पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा कधी कधी दक्षिणेकडे झुकतो आणि थंड हवेचा द्रोण महाराष्ट्रापर्यंत खाली उतरतो. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे जमिनीलगत शिरले, म्हणजे खाली उबदार व ओली आणि वर थंड व कोरडी हवा अशी अस्थिर रचना होते. ढग झपाट्याने उंच वाढतात. या दिवसांत हिमबिंदूची पातळी पावसाळ्यापेक्षा बरीच खाली असल्याने ढगात तयार झालेल्या गारा जमिनीवर पोहोचेपर्यंत वितळत नाहीत.

११ फेब्रुवारी २०१८ रोजी मराठवाडा व विदर्भात झालेली गारपीट याच ऋतूतील होती. २०१४ साली तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागात पुन्हा पुन्हा गारा पडल्या. काढणीस आलेला गहू-हरभरा, द्राक्ष व डाळिंबाच्या बागा आणि उघड्यावरची जनावरे यांची अपरिमित हानी झाली.

अशा हवामानाचे भाकीत तीन टप्प्यांत होते व प्रत्येक टप्प्याची विश्वसनीयता वेगळी असते, ही गोष्ट ग्रामपातळीवर नीट समजून घेतली पाहिजे. प्रक्षोभ येत आहे व अमुक विभागात मेघगर्जनेसह पाऊस संभवतो, हे उपग्रहचित्रे, मुंबई-नागपूर आदी ठिकाणांहून सोडल्या जाणाऱ्या फुग्यांची निरीक्षणे आणि संगणकीय प्रतिमाने यांच्या आधारे चार-पाच दिवस आधी सांगता येते. गारपीट कोणत्या गावी होईल, हे मात्र इतक्या आधी सांगता येत नाही. तो ढग अजून जन्मलेलाच नसतो. ढग वाढू लागल्यावर रडारवर दिसतो आणि तेव्हा पुढील दोन-तीन तासांचीच सूचना देता येते. जिल्ह्याला इशारा होता पण आमच्या शिवारात काहीच पडले नाही, ही तक्रार म्हणूनच सर्वस्वी न्याय्य म्हणता येणार नाही. उलट दोन तासांची सूचना तालुक्याहून गावात पोहोचावयासच तीन तास लागत असतील, तर तो दोष रडारचा नव्हे.

तिसरा टप्पा थंडीचा, आणि तोच बहुधा दुर्लक्षिला जातो. प्रक्षोभ पूर्वेकडे सरकला की आकाश निरभ्र होते, उत्तरेचे कोरडे वारे वाहू लागतात आणि रात्री जमिनीची उष्णता अडविणारे ढग उरत नाहीत. दोन-तीन दिवसांतच किमान तापमान झपाट्याने उतरते. फेब्रुवारी २०१२ मध्ये नाशिक येथे पारा २.७ अंश सेल्सिअसपर्यंत आणि मुंबईत सांताक्रूझ येथे ८.८ अंशांपर्यंत खाली आला होता. ही घसरण गारपिटीच्या मानाने अधिक खात्रीने सांगता येते. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश वा त्याखाली असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक उतरले, तर हवामान खाते शीतलहर जाहीर करते. किनारपट्टीसाठी ही मर्यादा १५ अंशांची आहे.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावयास हवा. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, जाळीदार पेटीत असतो. वारा पडलेल्या निरभ्र रात्री पिकाच्या पानांलगतचे तापमान त्याहून दोन-चार अंशांनी कमी असू शकते. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात, तेव्हा वेधशाळेचा आकडा शून्याच्या बराच वर असतो, तो यामुळेच. निफाडच्या द्राक्ष उत्पादकास हे सांगावे लागत नाही. मणी पक्व होत असताना पारा एकाएकी उतरला तर मणी तडकतात आणि फुगवण थांबते, हा त्याचा अनुभव आहे. म्हणूनच तो पहाटे बागेस पाणी देतो आणि बांधावर शेकोट्या पेटवितो.

ग्रामपंचायतीस यातून काही व्यवहार्य कामे सुचतात. चार दिवसांच्या सूचनेवर कापलेला माल खळ्यावरून हलवावा किंवा ताडपत्रीखाली घ्यावा, आणि फवारणी पुढे ढकलावी. दोन तासांच्या सूचनेवर जनावरे झाडाखाली न ठेवता गोठ्यात न्यावी. ही सूचना ध्वनिक्षेपकावरून कोणी द्यावयाची, ते माघ लागण्यापूर्वीच ठरलेले असावे. वादळ ओसरल्यावरही ध्वनिक्षेपक लगेच बंद करू नये, कारण थंडीची सूचना त्यानंतर द्यावयाची असते.

शाळेत कमाल-किमान तापमापक असेल तर विद्यार्थ्यांकडून सकाळची नोंद नित्य घ्यावी व ती पंचायतीच्या फलकावर लिहावी. किमान तापमान दोन रात्री सलग चढले, वारा पूर्वेचा किंवा दक्षिणेचा झाला आणि उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग दिसू लागले, तर त्या दिवशीचे हवामान पत्रक अधिक लक्षपूर्वक वाचावे.