खाजगी शाळा आणि शिक्षकाची सेवासुरक्षा

शाळेचे व्यवस्थापन खाजगी असले, तरी तेथील शिक्षकाची नोकरी ही केवळ व्यवस्थापनाच्या मर्जीची बाब नव्हे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ याचे हे सार होय. त्याखालील नियम १९८१ मध्ये करण्यात आले. शाळा अनुदानित असो वा विनाअनुदानित, अधिनियम तिला लागू आहे.

कायम शिक्षकास बडतर्फ करण्यापूर्वी रीतसर चौकशी आवश्यक असते. चौकशी समितीत तीन सदस्य असतात : एक व्यवस्थापनाचा, दुसरा शिक्षकाने सुचविलेला आणि तिसरा राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या नामिकेतून निवडलेला. बडतर्फी, पदावनती किंवा पदोन्नतीत डावलले जाणे, याविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

मात्र आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत अपील दाखल व्हावयास हवे. त्यानंतर पुरेसे कारण दाखविल्यासच विलंब क्षमापित होतो. म्हणून गावातील शाळेचा वाद सामोपचाराने मिटविण्याचा प्रयत्न पंचायत सदस्यांनी अवश्य करावा. परंतु त्या बोलण्यांत शिक्षकाची मुदत निघून जाणार नाही, याची दक्षता घ्यावी.