गलोल आणि वही

मागच्या उन्हाळ्यात मी गलोलीने एक साळुंकी पाडली. ती माझ्या हातातच गार झाली. त्या रात्री मला भाकर गोड लागली नाही.

गुरुजींनी डॉ. सलीम अलींची गोष्ट सांगितली. त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईस झाला. लहानपणी त्यांनीही छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. तेथे मिलार्डसाहेबांनी त्यांना पेंढा भरलेले पक्षी दाखवले. मग जन्मभर त्यांनी पक्ष्यांचाच अभ्यास केला.

मीही एक वही केली आहे. तारीख, जागा, रंग, चोच आणि खाणे लिहितो. सुगरणीचा खोपा नर विणतो, हे मी विहिरीवर स्वतः पाहिले.

आबा म्हणाले, "पाखरं बघून पोट भरतंय व्हय?"

मी म्हणालो, "आबा, कोतवाल पिकावरचे किडे खातो. तो आपलाच राखणदार हाय. मी बारावी होऊन वनरक्षकाची परीक्षा देणार."

आबा काही बोलले नाहीत. पण सकाळी बघतो तर लिंबाखाली फुटक्या माठात पाणी भरून ठेवलेले!

मित्रांनो, तुम्हीही गलोल टाका आणि वही घ्या.