पोथीची नवी नक्कल

तमिळनाडूतील तंजावर हे कावेरीच्या सुपीक प्रदेशातील एक प्राचीन नगर आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. त्यामुळे महाराष्ट्रापासून इतक्या दूर असलेल्या या नगरात मराठी भाषेचा मोठा ठेवा साठलेला आहे. तो तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात पाहावयास मिळतो.

या ग्रंथालयाचा आरंभ नायक राजांच्या काळी झाला; परंतु त्यास खरे वैभव प्राप्त करून दिले ते दुसरे सरफोजी राजे यांनी. इ. स. १७९८ ते १८३२ ही त्यांची कारकीर्द. १७९९ मध्ये राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. राजांनी आपले लक्ष विद्येकडे वळविले. त्यांनी उत्तरेकडील विद्याक्षेत्री पंडित धाडून पोथ्या विकत आणविल्या. ज्या विकत मिळेनात, त्यांच्या नकला करविल्या. १९१८ मध्ये हे ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. येथे संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखिते आहेत; त्यांपैकी एकट्या मराठीचीच तीन हजारांहून अधिक आहेत.

यांतील कित्येक ग्रंथ ताडपत्रांवर आहेत. ताडपत्रावर लिहिणे म्हणजे कोरणे होय. टोकदार लोखंडी लेखणीने अक्षरे कोरून त्यांत काजळी भरीत असत. अशी पाने कालांतराने शुष्क होऊन तडकतात. दमट हवेने त्यांवर बुरशी चढते, कसर त्यांना भोके पाडते. एवढेच नव्हे, तर वाचकाच्या हाताचा स्पर्शही त्यांना झिजवितो. वाचावी तर पोथी झिजते आणि न वाचावी तर तिचा उपयोग काय?

पूर्वी यावर एकच उपाय होता. जीर्ण पोथीवरून नवी पोथी उतरून काढीत. हे काम कष्टाचे असे. लिहिता लिहिता एखादे अक्षर गळे, एखादी ओळ सुटे आणि ती चूक पुढच्या प्रत्येक नकलेत उतरे.

आता पोथीची डिजिटल प्रत काढता येते. प्रथम मऊ कुंचल्याने पानांवरील धूळ झाडतात. शुष्क ताडपत्रांस गवती चहाचे तेल हलक्या हाताने लावतात; त्याने पाने लवचीक होतात व किडीही दूर राहतात. मग पान सपाट ठेवून, उष्णता न देणाऱ्या प्रकाशात, बरोबर वरून त्याचे छायाचित्र घेतात. शेजारी मोजपट्टी व रंगपट्टी ठेवतात, म्हणजे पानाचा खरा आकार व रंग कळतो. प्रत्येक छायाचित्रास क्रमांक देऊन एकही पान सुटले नाही याची खात्री करून घेतात. पडद्यावर बारीक अक्षर मोठे करता येते, फिकट अक्षर ठळक करता येते. मूळ पोथी मात्र बासनात विसावते.

तथापि, ही प्रतही आपोआप टिकत नाही. संगणकातील साठवण बिघडू शकते. म्हणून ती निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी लागते व काही वर्षांनी नव्या साधनांवर उतरून घ्यावी लागते. नक्कल करण्याचे काम संपत नाही. त्याचे रूप तेवढे पालटते.

आणखी एक गोष्ट यंत्राने सर्वस्वी साधत नाही. तंजावरच्या राजवाड्याचे पुष्कळसे मराठी कागद मोडी लिपीत आहेत. राज्याच्या दैनंदिन कारभाराची हकिकत त्यांत आहे. महाराष्ट्रातील शाळांतून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शिकवीत असत. आज ती जाणणारे थोडे आहेत. पानाचे चित्र क्षणात निघते. पण ते वाचण्यास शिकलेला डोळा लागतो. पान राखणे हे ग्रंथालयाचे काम आणि ते वाचावयास शिकणे हे पुढील पिढीचे. ही दोन्ही कामे झाली, तरच सरफोजी राजांनी जमविलेले धन खऱ्या अर्थाने आपले होईल.

शब्दार्थ : बासन – पोथी बांधून ठेवण्याचे वस्त्र. कसर – कागद, पाने खाणारी बारीक कीड.

स्वाध्याय
१. ताडपत्रे कोणकोणत्या कारणांनी खराब होतात?
२. हाताने केलेली नक्कल व डिजिटल प्रत यांतील फरक सांगा.
३. 'पान राखणे पुरेसे नाही, ते वाचताही आले पाहिजे.' हे विधान स्पष्ट करा.